मेल आणि म्याल

आईचा हातमाग उचलायचा आणि त्या जागी यंत्रमाग बसवायचा, असं अण्णानं ठरवूनच टाकलं होतं. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. वडगावातल्या आमच्या घरात त्याचाच शब्द शेवटचा. आईनं एवढंच मागून घेतलं, की पुण्याच्या एका दुकानाला साडीचे नमुने पाठवून बघू. त्यांनी काम दिलं तर माग राहील. दुकानानं शनिवार संध्याकाळपर्यंतची मुदत दिली होती.

नमुने मी कॉम्प्युटरवर नक्षीच्या एका सॉफ्टवेअरात काढले होते. त्या सॉफ्टवेअरातून ते बाहेर पाठवायला एकच वाट, ‘मेल करा’ हे बटण. फोननं स्क्रीनचा फोटो काढून बघितला, तर आईचा डाळिंबी रंग विटकरी दिसायला लागला. म्हणून शनिवारी दुपारी बटण दाबलं, आणि मुडदा बशिवला त्याचा, भलताच मेल प्रोग्राम उघडला! त्यात माझं खातंसुद्धा नव्हतं. कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये मी माझा नेहमीचा प्रोग्राम ठरवून दिलेला. पुन्हा ठरवून दिला, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. तरी तेच. ऐकल्यासारखं करायचं आणि आपलंच खरं करायचं, अगदी आमच्या अण्णासारखं!

शेवटी सॉफ्टवेअरवाल्यांना फोन लावला. पलीकडची बाई बंगळुरूकडची, कानडीच बोलणारी.

“मेले नोडी,” ती म्हणाली.

आमच्या गल्लीत कानडी शेजार, त्यामुळं नोडी म्हणजे बघा, हे मला कळतं. मी मेलमध्ये बघितलं.

“इल्ला, मेले नोडी, मेले!” नाही नाही म्हणत ती परत तेच सांगायला लागली.

“अहो बाई, मेलच बघतेय की! डोळे फुटायची वेळ आली!” मी मराठीतच तडकले. फोन कट झाला. मला रडूच कोसळलं.

आई सूत आणायला माळ्यावर गेली होती. अण्णा माझ्याकडं बघत म्हणाला, “न्हाय जमत तर सोड गं. कशाला जिवाला घोर लावून घेतीस?” त्यालाही वाईट वाटत होतं, पण तसं बोलून दाखवील तर तो अण्णा कसला.

तेवढ्यात शेजारच्या काकूनं दारातून कानडीत हाक मारली, “अव्वारु म्याल अदारेनु?” आई वर आहे का, असं ती विचारत होती.

“व्हय, म्याल...” म्हणता म्हणता मी थांबले. आमच्या गल्लीतल्या कानडीत वर म्हणजे म्याल. बंगळुरूची माणसं त्यालाच मेले म्हणत असतील की! ती बिचारी घसा फोडून ‘वर बघा’ सांगत होती आणि मी मेलमध्ये डोकं घालून बसलेली!

सॉफ्टवेअरच्या अगदी वरच्या पट्टीत त्याचं स्वतःचं सेटिंग होतं. कॉम्प्युटरला मी काय सांगितलंय याच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. त्याला वेगळं सांगावं लागत होतं. तिथं माझा प्रोग्राम निवडला, बटण दाबलं.

“गेला गं बाई!” मी एवढ्यांदा ओरडले, की आई सुताच्या लडी घेऊनच खाली धावली.

संध्याकाळी दुकानाचं उत्तर आलं. डाळिंबी साडी आधी एक विणून पाठवा, पसंत पडली तर पुढचं काम देऊ. “परत वाच,” आई म्हणाली. मी परत वाचलं. एकाच साडीचं काम, पण मला आनंद म्हणजे लईच झाला.

तेवढ्यात अण्णाचा फोन वाजला. सोमवारी माणसं पाठवू का, असं यंत्रमागवाला विचारत होता. अण्णानं एकदा आईकडं बघितलं.

“नगं,” तो म्हणाला, “जागा रिकामी न्हाय.”