ढोल्याच्या जागी बुलबुल

सगळे त्याला बुलबुल म्हणायचे. त्यानं क्लॅरिनेट ओठांना लावली की लग्नघरातले रुसलेले व्याहीसुद्धा गप्प होऊन ऐकत बसायचे. बँडची तालीम सायकलदुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत चाले. खालून रबराचा वास यायचा. वर अकॉर्डियनवाले अण्णा कुणाची ना कुणाची टर उडवायचे आणि मोठा ड्रम वाजवणारा ढोल्या हसता हसता ताल सोडायचा. ढोल्या म्हणजे बुलबुलचा जिवलग. दोघांचे संसारही एकाच जिन्याच्या दोन बाजूंना थाटलेले.

मग एका सराफाच्या दुकानावर दरोडा पडला. पहारेकरी मारला गेला. पळणाऱ्याच्या अंगात पितळी बटणांचा कोट होता, असं एकानं सांगितलं. तसले कोट बँडवाल्यांचेच. ओळखपरेडीत साक्षीदाराचं बोट बुलबुलवर थांबलं.

ढोल्यानं कोर्टात छातीठोकपणे सांगितलं, "साहेब, त्या संध्याकाळी हा एका लग्नात माझ्या शेजारी उभा राहून वाजवत होता!" पण पडला मित्राचा शब्द, त्याला कोण हिंग लावून विचारणार? लग्नघरच्यांना विचारलं, तर त्यांना नवरीच्या मामांचे जेवणावरून झालेले तमाशे आठवत होते. बँडवाल्यांचे चेहरे कुठले आठवायला?

जन्मठेप झाली. बुलबुलची बायको शिवणयंत्रावर पोट भरत राहिली आणि दर भेटीला जाळीपलीकडून ढोल्याचे निरोप सांगत राहिली. "भावजी म्हणतात, तुमची जागा कुणाला दिलेली नाही. तेवढे सूर गाळूनच वाजवतात."

खरा दरोडेखोर दुसऱ्याच गुन्ह्यात सापडला आणि सगळं ओकला, तोवर बुलबुलचे केस पांढरे झाले होते. तुरुंगातल्या एका मारामारीत पुढचे दोन दात गेले होते. आणि तो सुटण्याच्या आदल्या वर्षी ढोल्या गेला होता.

बुलबुलचा खटला लढणाऱ्या वकीलबाईंनी अशाच निर्दोष सुटलेल्यांच्या मदतीसाठी गाण्या-वाजवण्याचा कार्यक्रम ठरवला. जुना बँड पुन्हा जमवायचा, असं अण्णांनी परस्पर कबूल करून टाकलं.

पुन्हा तीच खोली. खिडकीच्या चौकटीला ढोल्यानं मारलेला खिळा तसाच होता. त्यावर त्याची पिशवी लटकायची. बुलबुल बराच वेळ तिथंच बघत उभा राहिला. मग त्यानं क्लॅरिनेट उचलली, फुंकर मारली. दातांच्या फटीतून फस्सकन हवा गेली आणि शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखा आवाज निघाला.

अण्णा म्हणाले, "बुलबुल गेला तो बोका होऊन परत आला की रे!"

बुलबुल आधी वरमला. मग हसला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. कोपऱ्यात कोटाची बटणं लावत बसलेल्या त्याच्या बायकोचा हात थांबला. सुटून आल्यापासून हे हसू तिनं ऐकलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ढोल्याची बायको ड्रम घेऊन आली. "भावजी, हा कुणाच्या हाती द्यायला माझा जीव होत नव्हता. तुम्ही घ्या."

"वहिनी, मला ताल धरता येत नाही."

"त्यांना तरी कुठं येत होता? निम्मा वेळ तर खिदळण्यात जायचा."

कार्यक्रमाला सभागृह गच्च भरलं. बुलबुलनं ड्रम वाजवला. दोनदा चुकला, अण्णांनी डोळे वटारले. क्लॅरिनेटचे सूर त्याही दिवशी गाळलेलेच होते. त्या रिकाम्या जागी त्याला जुन्या संध्याकाळी ऐकू येत होत्या: ढोल्याचं खिदळणं, खाली सायकलच्या घंटीची किणकिण, जिन्यावरून चहाला हाका मारणाऱ्या दोघी जावा-जावांसारख्या बायका. समोर पहिल्या रांगेत त्या दोघी शेजारी बसल्या होत्या, एकमेकींचा हात धरून.

जमलेल्या मदतीतून वकीलबाईंनी सुटून येणाऱ्यांसाठी दोन खोल्या घेतल्या. बुलबुल सकाळी तिथं चहा करतो. परवा एक नवे गृहस्थ आले, पूर्वी शाळेत मास्तर होते. आंघोळ करून, कपडे करून ते खोलीतच बंद दारासमोर ताटकळत उभे. त्यांची चाहूल लागली तसा बुलबुल बाहेरून म्हणाला, "मास्तर, कडी तुमच्याच बाजूला आहे. काढा आणि या, चहा निवतोय."