नानांना पांझरा सांगताना

त्या वर्षी दसरा झाल्यावर मी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आले, तेव्हा माझ्या वडिलांनी मला आवाजावरून ओळखलं. आम्ही त्यांना नाना म्हणायचो. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. समोर कुणी उभं आहे एवढं त्यांना कळे, कोण ते कळत नसे.

आमचं गाव धुळ्याच्या वरच्या अंगाला, पांझरेकाठी. नाना तिथले पाटकरी. बंधाऱ्यातून निघालेल्या पाटाचं पाणी कुणाच्या शेताला कधी सोडायचं, हे ते बघत. तीस वर्षं त्यांनी नदीकाठ तुडवला होता. आता ते काम माझा भाऊ करत होता आणि नाना ओट्यावर बसून राहत. धुळ्याच्या दवाखान्यात मोतीबिंदू काढतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण नानांच्या थोरल्या भावानं पूर्वी एका फिरत्या वैदूकडून मोतीबिंदू काढायला डोळ्याला सुई लावून घेतली होती, आणि तो डोळा कायमचा गेला होता. ते घरात घडलेलं. त्यामुळे दवाखान्याचा विषय निघाला की नाना उठून जात.

“तुला चालायला सांगितलंय, त्यांनाही ने,” माय म्हणाली. म्हणून रोज सकाळी मी नानांचा हात धरून नदीवर जाऊ लागले.

पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, “काय दिखी ऱ्हायनं?”

“काही नाही. पाणी शे, दगड शेतस.”

“नीट दख. नाव मी सांगस.”

मी त्याच काठावर वाढले होते, पण हंडा घेऊन जायची आणि हंडा घेऊन यायची. मग मी नीट पाहिलं. एका दगडावर एक बारीकसं पाखरू सारखी शेपटी खालीवर करत होतं. अंग करडं, तोंड पांढरं. मी तसं सांगितलं तर नाना खुलले. “धोबी शे तो. हिवाळा उना!” धोबी पाखरू दिसलं की थंडी आली असं समजायचं.

तिथून आमचं रोजचं सुरू झालं. मी सांगायचं, नानांनी उलटतपासणी घ्यायची. चोच केवढी, पाय कसले, उडताना पंखाखाली रंग कोणता. एकदा बंधाऱ्याच्या पाण्यात विटकरी रंगाच्या बदकांची जोडी उतरली. मी कोंबड्या म्हणाले, तेव्हा नाना इतके हसले की त्यांना ठसका लागला. ते चक्रवाक होते. ज्वारी पोटऱ्यात आली आणि भोरड्यांचे थवे शेतावरून काळ्या चादरीसारखे वळू लागले. करकोचे मात्र नानांनीच आधी ओळखले. मला आभाळात काही दिसण्याच्या कितीतरी आधी त्यांनी मान वर केली आणि कानामागे तळवा धरला. मग मला दिसली ती लांबच लांब, वाकडी होत जाणारी ओळ.

मार्गशीर्षात थंडी चांगली पडली. एका सकाळी बंधाऱ्याखालच्या डोहावर वाफ होती. पाण्यात तीन काळी डोकी वर आली आणि नाहीशी झाली.

“नाना, डोहमा काहीतरी शे. तीन शेतस.”

“कुत्रा पवत व्हतीन.”

“कुत्रा बुडी मारतस का? आणि मिशा शेतस त्यांना. एकाच्या तोंडात मासा शे.”

नाना थबकले. तेवढ्यात डोहातून शिटीसारखा बारीक आवाज आला, त्याला दुसऱ्या काठानं उत्तर आलं. नानांनी माझा दंड घट्ट धरला.

“पाणमांजर!” ते कुजबुजले. “मन्हा लगीनना वरीसले दिखेल. त्यानंतर नही.”

मोठी मादी खडकावर चढली, तिनं अंग झटकलं. दोन पिल्लं तिच्या तोंडातल्या माशासाठी भांडू लागली. मी एकेक गोष्ट सांगत होते, पण नाना ज्या बाजूला तोंड करून उभे होते ती बाजू चुकीची होती. मी हळूच त्यांचे खांदे धरून वळवले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

“मन्हा डोयासमोर शे,” ते म्हणाले, “आणि माले दिखत नही.”

आम्ही घरी आलो. जेवताना भाकरीचा तुकडा ताटात ठेवून भावाला म्हणाले, “गाडी जुप. धुयाले जाऊत.”

दोघं दुसऱ्या दिवशी धुळ्याला गेले. दवाखान्यात नानांचे दोन्ही डोळे बांधून त्यांना कितीतरी दिवस उताणं निजवून ठेवलं होतं. ते तिकडे असतानाच मला मुलगी झाली. भावानं ही बातमी पोचवली तेव्हा त्यांनी उठायचा प्रयत्न केला म्हणून डॉक्टर रागावले, असं भाऊ सांगत होता.

संक्रांतीनंतर जाड भिंगांचा चष्मा आला. दोन्ही डोळे बांधले असले तरी ऑपरेशन एकाच डोळ्याचं झालं होतं, पण त्या डोळ्याला चांगलं दिसत होतं. नानांनी माझ्या मुलीला उजेडात नेलं, बराच वेळ न्याहाळलं आणि म्हणाले, “नाक मन्ही मायनं शे.” मग काठी न घेता पाटाकडे गेले. थोड्या वेळानं तिकडून त्यांचा आवाज ऐकू आला. पाटाची पाळ फुटली होती आणि भावानं नुसता पालापाचोळा कोंबून ठेवला होता. नाना त्याला झाडत होते. माय चुलीपुढे बसून ते ऐकत होती आणि पदरानं डोळे पुसत हसत होती.

पाणमांजरं काही त्यांना दिसली नाहीत. डोहाचं पाणी ओसरलं होतं, ती खालच्या अंगाला गेली असावीत. नानांना त्याचं विशेष वाटलं नाही. आहेत एवढं कळलंय ना, असं ते म्हणत.

फाल्गुनात सासरहून मला न्यायला माणसं आली. निघायची वेळ झाली तरी नाना घरी नव्हते. शेवटी पाटावरून धावत आले. धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं, हात चिखलानं भरलेले. त्या हातांनी मुलीला घेता येईना, म्हणून त्यांनी नुसतं वाकून तिला पोटभर पाहून घेतलं.