मेहुण्यांची नावांची वही

कुलाबा जिल्ह्यात आजवर जेवढे निरुपयोगी विद्वान होऊन गेले असतील, त्या सगळ्यांत पहिला मान माझ्या थोरल्या मेहुण्यांना द्यावा लागेल. विद्वान ते होतेच, त्यात वाद नाही. पण ती विद्वत्ता कुणाच्या कामाची? मुंबईत एका छापखान्यात ते बरीच वर्षं पोथ्यापुराणांची मुद्रितं तपासत होते. दुसरा कुणी असता तर चार श्लोक पाठ करून आणि चष्म्याचा नंबर वाढवून परत आला असता. ह्यांनी काय आणलं, तर नावं! पानात जो राजा भेटला, जो ऋषी भेटला, जी नदी, जो घोडा, त्याचं नाव ह्यांनी एका जाडजूड वहीत अर्थासकट उतरवून घेतलं. पुढे वडील वारले तेव्हा नोकरी सोडून ते दिघीजवळच्या आपल्या सुपारीच्या वाडीत राहायला आले, ते ही वही काखोटीला मारूनच. तेव्हापासून गावात जन्माला येणाऱ्या पोरांचे ग्रह फिरले.

कुणाकडे पाळणा हलला की हे तिथं हजर. बोलावणं लागत नसे. ओटीवर बसायचे, चष्मा पुसायचा, वही उघडायची आणि विचारायचं, "काय ठेवताय?" बिचारा बाप गणपत किंवा दत्तू असं काहीतरी पुटपुटे. मग ह्यांचा चेहरा कडू काढा प्याल्यासारखा. "सतरा जणांनी वापरलेलं नाव लेकराला घालता? लंगोट तरी धुऊन घालता ना?" स्वातंत्र्य मिळालं त्या वर्षी आमच्या आळीत दोन विजय आणि एक भारती जन्माला आली, तर हे म्हणाले, ही नावं नव्हेत, वर्तमानपत्रातले मथळे आहेत. पोस्टमनच्या मुलाचं नाव त्यांनी ठेवलं पृषदश्व. ठिपक्याठिपक्यांचे घोडे ज्याच्या रथाला आहेत तो, म्हणजे वारा. बापाकडे एक सायकल होती, तीही निम्मा वेळ पंक्चर. पोराला आई बाळू म्हणे, मास्तर बाळू म्हणत, आणि अख्ख्या गावात त्याला पृषदश्व म्हणून हाक मारणारा माणूस एकच होता. एवढं मात्र कबूल करतो, की ब्राह्मण, भंडारी, कोळी असा भेद त्यांच्या वहीत नव्हता. वेदातलं नाव ते कोळ्याच्या झोपडीतही तेवढ्याच थाटात वाटून येत, आणि त्यावरून आमच्या आळीतल्या दोन म्हाताऱ्यांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं.

खाडीवरच्या तांडेलाला मुलगी झाली, तिचं नाव त्यांनी ठेवलं शतह्रदा. म्हणजे वीज. तांडेल खूश, जिलेबी वाटून मोकळा. रामनवमीला देवळात बाहेरगावचे हरदास आले. वनवासाची कथा लावून त्यांनी विराध नावाचा राक्षस उभा केला आणि सहज सांगून गेले, की ह्याच्या आईचं नाव शतह्रदा. दुसऱ्या दिवशी सकाळी तांडेल, त्याची बायको, सासू आणि काखेत ती वीज, असे सगळे मेहुण्यांच्या अंगणात. तांडेल भला माणूस, आवाज चढवला नाही, पण म्हणाला, "दादा, माज्या पोरीला तुमी राक्षसाची आयस केलीत." दुसऱ्या कुणीही शरमेनं मान खाली घातली असती. ह्यांनी त्याला पाटावर बसवून तासभर समजावलं, की मुलगा राक्षस निघाला ह्यात आईच्या नावाचा काय दोष? तांडेलाची सासू मध्येच उठली आणि जाताना सांगून गेली, की आजपासून पोरीचं नाव शेवंती हाय. वहीत मात्र ती शतह्रदाच राहिली.

सगळ्यात जास्त चीड त्यांना यायची ती धोंडू, दगडू, केरू ह्या नावांची. ज्या घरात पोरं जगत नाहीत तिथं असं टाकाऊ नाव ठेवायचं, म्हणजे कुणाची नजर जात नाही, ही आमच्याकडची रीत. ते ऐकलं की मेहुण्यांचा तोल जाई. पोटच्या गोळ्याला दगड म्हणणारे तुम्ही रानटी आहात, असं एकाला त्याच्याच बारशाच्या पंगतीत त्यांनी सुनावलं होतं आणि पानावरून उठले होते, तेही बासुंदी वाढायच्या आधी.

गावाची पोरं होती तोवर मी हसत होतो. मग माझ्या घरी पाळणा हलला. बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगायचा मान आत्याचा, आणि आत्या म्हणजे माझी ताई, म्हणजे पर्यायानं मेहुण्यांची वही. सुटका नव्हतीच. पहिल्याचं नाव त्यांनी ठेवलं उषर्बुध, म्हणजे पहाटे जागा होणारा. पोर अडीच महिन्यांचं होऊन गेलं. दुसऱ्या वेळी त्यांनी महिनाभर वही चाळली आणि नाव काढलं अनामय. ज्याला रोग शिवत नाही तो. ते ऐकून आमची ही कितीतरी दिवसांनी हसली. अनामय अकरा महिन्यांचा असताना त्याला घटसर्प झाला आणि तिसऱ्या दिवशी तो गेला.

मेहुणे आणि ताई भेटायला आले. वही त्यांच्या मांडीवर होती, सवयीनं आणली असेल. मी चार माणसांत विचारलं, "भावोजी, अनामयचा अर्थ काय म्हणाला होतात?" त्यांनी वही तेवढी उपरण्याखाली सारली. मी तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण मी पुढे असंही म्हणालो, की ज्यांच्या पोटी पोर नाही त्यांना पोरं म्हणजे नावं लिहायच्या पाट्याच वाटणार. ताई दारातच उभी होती. त्यानंतर दोन वर्षं मी त्यांच्या वाडीची पायरी चढलो नाही.

तिसरा मुलगा झाला तेव्हा माझ्या आईनं सांगून टाकलं, आता उकिरड्याचा विधी करायचा. पोर सुपात घालून उकिरड्यावर ठेवायचं, परक्या माणसानं ते उचलायचं, आम्ही ते आमचं नाही म्हणायचं, आणि त्यानं दिलेलं भिकार नाव लावून ते पोर परत घ्यायचं. नाव धोंडू ठरलंच होतं. मी हिला विचारलं, तर ही म्हणाली, "मला अर्थ नको. मला पोर हवं."

उचलायला शेजारच्या काकूंना सांगून ठेवलं होतं. पण कानात नाव सांगायला ताई हवी, आणि ताई आली म्हणजे मेहुणे येणार. ही आदल्या दिवसापासून धास्तावली होती. ते येणार, रानटी म्हणणार, विधीत खोडा घालणार, आणि ह्याही पोराचं काही बरंवाईट झालं तर? मी मनाशी ठरवलं होतं, की ह्यांनी वही उघडली तर वहीसकट विहिरीत टाकीन.

बाराव्या दिवशी सकाळी ते आले. परीटघडीचं पांढरं धोतर, खांद्यावर उपरणं, आणि हात रिकामे. बिनवहीचे मेहुणे मी प्रथमच बघत होतो. गोठ्यामागच्या उकिरड्यावर सूप ठेवलं होतं आणि पोर टाहो फोडत होतं. काकू पदर खोचून पुढे निघाल्या, तर ह्यांनी त्यांना हातानंच थांबवलं. वहाणा काढल्या, धोतर सावरायचंही त्यांना सुचलं नाही, आणि घोट्यापर्यंत शेणात जाऊन त्यांनी ते सूप दोन्ही हातांनी उचललं. मग वर पोफळींच्या शेंड्यांकडे बघत, सगळ्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "कुणाचं पोर रे हे?"

आमचं नाही, असं मी म्हणायचं होतं. मी नुसता सुपाकडे बघत राहिलो. शेवटी हीच म्हणाली, "आमचं नाही."

"मग धोंडाच आहे नुसता. कुणी नेणार नाही ह्याला."

एवढं झालं तरी माझ्या जिभेला काही हाड आलं नाही. मी म्हणालो, "अर्थ सांगा की, भावोजी." ते म्हणाले, "राहू दे. एवढाच अर्थ आहे. राहू दे ह्याला." ताईनं पोराच्या कानात कुर्र केलं, आणि बायका तिच्या पाठीत धपाटे घालायला विसरल्या.

ह्यानंतर माणूस सुधारला असेल असं कुणाला वाटलं तर ते साफ चूक. चारच महिन्यांत कापडवाल्याच्या मुलीला क्षणप्रभा, म्हणजे पुन्हा वीजच, करून ते मोकळे झाले. धोंडूला मात्र त्यांनी कधी नावानं हाक मारली नाही आणि 'तुमचा मुलगा' असं आमच्यापाशी कधी चुकूनही म्हटलं नाही. वर कुणी ऐकत असेल तर त्याचा गैरसमज कायम राहावा, अशी त्यांची खबरदारी! पोर त्यांच्या अंगणात शिरलं की हे ओटीवरून विचारायचे, "कुणाचं पोर रे हे?" आणि हा ओरडायचा, "उकिरड्यावरचं!" मग ताई त्याच्या हातावर खोबऱ्याची वडी ठेवायची. हा प्रकार पंधरा-सोळा वर्षं चालला. मॅट्रिकच्या फॉर्मवर चांगलंसं नाव घाल, असं मास्तरांनी सुचवलं तेव्हा पोरानं ऐकून घेतलं आणि धोंडू लिहून आला.

तो कॉलेजसाठी मुंबईला निघाला तेव्हा आगरदांड्याला जाणाऱ्या लाँचपर्यंत मी पोचवायला गेलो. मेहुणेही काठी टेकत आले. आता नीट दिसत नव्हतं, वही वाचायलाही दुसरा माणूस लागे. पोरानं ट्रंक खाली ठेवली आणि वाकून नमस्कार केला. त्यांनी त्याच्या डोक्यावरून, कानांवरून हात फिरवला आणि नेहमीच्याच आवाजात विचारलं, "कुणाचं पोर रे हे?"

"तुमचं," धोंडू म्हणाला.

मी शेजारीच उभा होतो. जन्मदाता बाप मी, पण चूक दुरुस्त करावी असं मला वाटलं नाही. उकिरड्यावरून ज्यानं उचललं त्याचं ते पोर, रीतच तशी आहे.

लाँच सुटली. मेहुणे काठीवर भार देऊन बराच वेळ तिच्या आवाजाकडे तोंड करून उभे होते. मग उपरण्यानं चष्मा पुसत त्यांनी मला विचारलं, की लाँचीचं नाव काय? मी सांगितलं, जलराणी. "जलराणी!" ते म्हणाले, "खाडीत ह्या नावाच्या चार तरी असतील. काही विचार न करता ठेवतात."

इतक्या वर्षांत मी त्यांना जे कधी विचारलं नव्हतं ते त्या दिवशी विचारलं.

"मग काय ठेवावं, भावोजी?"

त्यांनी माझा दंड धरला आणि आम्ही वाडीच्या वाटेला लागलो. घर येईपर्यंत ते एकेक नाव अर्थासकट सांगत राहिले आणि मी ऐकत राहिलो.