दोन इंच जास्त निघालेला भाऊ

१९९७ साल, माझं वय छप्पन्न. चौथीनंतर शाळेने मला सोडलं की मी शाळेला, हा वाद अजून मिटलेला नाही. त्या साली मी मस्कतला सुतारकाम करायचो. तिथल्या अल् खुवैर भागातल्या एका इटालियन इंजिनियरने आपल्या खानदानाची वंशावळ माझ्याकडे चौकटीत बसवायला दिली. त्याच्या पूर्वजांनी म्हणे तीनशे वर्षं एका शहरावर राज्य केलं. साहेब बोट ठेवून तोडक्या हिंदीत सांगत होता, याने काकाला विष पाजलं, त्याने पुतण्याला बुरुजावरून ढकललं. एवढं कर्तृत्व असल्यावर माणूस ते भिंतीवर लावणारच.

कागद चौकटीपेक्षा दोन इंच रुंद निघाला. त्या कडेला एकच नाव होतं.

"हा कोण?" मी विचारलं.

"धाकटा भाऊ. गादीवरून भांडण झालं, थोरल्याने हाकलून दिला. काप तेवढा."

माझाही धाकटा भाऊ मस्कतमध्येच, दार्सैत भागात राहत होता. गावच्या पडवीच्या वाटणीवरून मी त्याच्याशी सहा वर्षं बोललो नव्हतो, आणि येत्या शुक्रवारी तो कायमचा गावी निघाला होता. आमचं राज्य चार हात पडवीचं, पण ताठा सगळा राजघराण्याचा.

मी कात्री खाली ठेवली. "कागद कापणार नाही. चौकट मोठी करतो."

"आणि जास्तीचं लाकूड?"

"माझं."

दुसऱ्या दिवशी सकाळी हातोडा घेऊन भावाच्या खोलीवर गेलो. तो सामानाच्या पेटीला वाकडेतिकडे खिळे मारत बसला होता. "हो बाजूला," म्हणालो, "जन्मात कधी सरळ खिळा मारलायस?" आणि पेटी मीच ठोकून दिली.