मी डिसकॅल्स्ड झालो तेव्हा

माझ्या मेव्हण्याने मला भर लग्नात व्हीलचेअरवर बसवलं, तेव्हा माझी तब्येत ठणठणीत होती.

माजिवड्याच्या हॉलमध्ये भाचीचं लग्न होतं. आशीर्वाद द्यायला बूट काढून स्टेजवर चढलो. खाली येतो तर बूट गायब! (नवे कोरे! अजून चावायचेही थांबले नव्हते.) चारचौघांनी लिहिलं असतं, ‘माझे बूट गेले.’ पण मी मोबाइलवर रोज एक इंग्रजी शब्द शिकतो ना! फॅमिली ग्रुपवर टाकलं, “मी डिसकॅल्स्ड झालोय. स्टेजजवळ आहे. लवकर या.”

दोन मिनिटांत बायको धावत आली. हातात दुधाचा ग्लास.

“अहो, कॅल्शियम उतरलं ना? तरी सांगत होते, दूध घेत जा!”

“अगं नंदा, तसं नाही...”

“बोलू नका, आधी प्या!”

प्यालो. (बिनसाखरेचं!) मागोमाग तिचा भाऊ सतीश, हॉलची व्हीलचेअर दामटत.

“भाऊजी, हलू नका! हाडं ठिसूळ झाली असतील!”

त्याने आणि दोन वाढप्यांनी मला उचलून बसवलं. सनई थांबली. पाहुणे जमले. कोणीतरी नवरीचा पंखा माझ्याकडे फिरवला! मुलाकडच्या एका आजींनी तर “किती वर्षं झाली हो असं?” म्हणून डोळे पुसले.

आता मात्र माझं डोकं फिरलं. खुर्चीतूनच गरजलो, “डिसकॅल्स्ड म्हणजे अनवाणी! लॅटिनमध्ये कॅल्क्स म्हणजे टाच, त्यावरून बुटाचा शब्द आला. त्याच्या आधी ‘डिस’ लावलं की बूट उतरले! ख्रिस्ती धर्मात अनवाणी राहणारे साधू असतात, त्यांना म्हणतात तसं. कॅल्शियम आलं चुन्यावरून. तोही कॅल्क्सच, पण वेगळा!”

“म्हणजे दोन कॅल्क्स आहेत?” सतीशने विचारलं.

“दोन!”

“मग आम्ही चुकलो तर काय झालं?”

नंदाने वाकून माझे पाय पाहिले. “अय्या, खरंच अनवाणी आहेत हो हे!”

आणि टाळ्या पडल्या! अख्ख्या हॉलच्या! फोटोग्राफर धावला. आजी म्हणाल्या, “मुलीकडे विद्वान माणसं आहेत हो!” आयुष्यात पहिल्यांदा माझं इंग्रजी जिंकलं होतं! भाचीच्या सासरेबुवांनी तर कौतुकाने माइकच हातात घेतला.

“मंडळी, कृपया लक्ष द्या! मुलीच्या मामांचं कॅल्शियम हरवलं आहे. कुणाला सापडल्यास स्टेजजवळ आणून द्यावं. रंग काळा, साइज नऊ!”

आणि मी खुर्चीतूनच हात वर केला. ओळख पटावी म्हणून!