चंद्रीचा डोह

सर्व सुजाण नागरिकांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते, की लोहगडवाडीच्या वरच्या उताराची नासधूस करणारा मुख्य गुन्हेगार अखेर सापडला होता. गुन्हेगाराला दोन शिंगं होती, गळ्यात घंटा होती आणि नाव होतं चंद्री.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. मी मावळात फॉरेस्ट रेंजर होतो. वर्षानुवर्षं गुरं चरून तो उतार उघडा पडला होता. खुरांनी माती दबते, गवत बी धरण्याआधीच खाल्लं जातं, मग पाऊस माती ओढ्यात नेतो. म्हणून आम्ही तिथे ‘क्लोजर’ लावलं, म्हणजे काही वर्षं चराई बंद. पण चंद्री म्हैस रोज दगडी बांध ओलांडायची, आणि घंटेमागे सगळा कळप.

“पुन्हा आत दिसली तर कोंडवाड्यात घाला आणि लिलाव करा,” आमचे वरचे साहेब म्हणाले.

चंद्री धनगरवाड्यातल्या भागूमावशीची. रेडकू असतानाच तिची आई मेली, तेव्हा मावशीनं दुधात बोटं बुडवून ती चोखायला देत तिला जगवलं होतं.

“म्हातारी म्हस कोन घेनार, रेंजरभाऊ? खाटीकच की,” मावशी म्हणाली आणि तिनं तोंड फिरवलं.

एका दुपारी मी चंद्रीच्या मागे गेलो. बांधाच्या आत शिरताच कळप गवतावर तुटून पडला. बाईसाहेबांनी मात्र मान खाली घातली नाही. तडक चालत गेल्या आणि आतल्या डोहात जाऊन बसल्या. म्हशीला घाम फारसा येत नाही. उन्हात तिला पाणी लागतंच.

मग बांधाबाहेर, झऱ्याखाली, आम्ही नवा डोह खणला. मावशीनं आणलेल्या चंद्रीनं तो हुंगला, नाक फेंदारलं आणि पुन्हा बांधाकडे वळली. नेमके तेव्हाच साहेब घोड्यावरून आले. डोक्यावर सोला हॅट, चकचकीत बूट, घामाच्या धारा.

“हीच का ती?”

मावशीनं साहेबांकडे पाहिलं, लुगडं खोचलं आणि सरळ चिखलात उतरून गळ्यापर्यंत बसली.

“ये गं बाय, हितं ये. भिऊ नगं, मी हाय न्हवं?”

घंटा थांबली. चंद्री हळूच माघारी आली, मावशीशेजारी बसली आणि तिच्या खांद्यावर हनुवटी टेकली. कळप तिथेच, बाहेरच्या गवतावर पांगला.

साहेब घोड्यावरून उतरून काठाशी आले. मग म्हणाले, “लिलाव राहू द्या.”

पुढे उतारावर गवत धरलं, ओढाही जरा नितळ वाहू लागला. बांध घालण्याआधी गुरं आत कशाला जातात ते बघावं, एवढाच धडा.

पण त्या दुपारी साहेब काठावर घाम पुसत उभेच होते. मावशीला राहवेना.

“सायेब, तुमी बी या की! लय गार हाय!”