बेअरिंगवरचा हात

कालव्यावरच्या वीजकेंद्राचं चक्र फिरवायचे म्हणून गावानं त्यांना चक्रीकाका केलं. कंपनीनं केंद्राला टाळं ठोकलं (एवढंसं केंद्र तिला परवडत नव्हतं म्हणे!) आणि काका सहा वर्षं पिठाच्या गिरणीत पट्टे बदलत बसले. मग कायदा आला: नगरपालिकेला स्वतःचं वीजकेंद्र घेता येईल, चालवताही येईल. पालिकेनं ते घेतलं आणि काकांना परत बोलावलं. परवाना मात्र वर्षभराचाच. तपासणीत नापास, तर केंद्राला पुन्हा टाळं आणि काका पुन्हा गिरणीत.

तपासनीस बाई आल्या आणि थेट नोंदवहीत शिरल्या. बेअरिंगचं तापमान तासातासाला लिहिलेलं: ४८, ४९, ५१. मग त्या यंत्रापाशी गेल्या. तापमापकाचा काटा शून्यावर झोपलेला.

"हा कधीपासून बंद आहे?"

"झाले चार महिने. नवा मागवलाय, येतोय येतोय म्हणतात."

"मग हे आकडे कुठून आणले?"

काकांनी तळहात पुढे केला. "हात लावून लिहितो, बाई."

शेजारी उभ्या नगराध्यक्षांचा चेहरा खर्रकन उतरला. काकांना वाटलं, आपण आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला, आणि वर गावाच्याही! खोटा आकडा त्यांनी एकही लिहिला नव्हता, पण पटवणार कुणाला? पोरांचा ताप ते हातानंच सांगायचे आणि बायको म्हणायची, "तुमच्यापायी थर्मामीटर कपाटात म्हातारा झाला." असली साक्ष का इथं चालणार होती?

बाईंनी पेटीतून स्वतःचा तापमापक काढला, बेअरिंगला लावला आणि आकडा मुठीत झाकला. "सांगा बघू."

काकांनी हात टेकवला. एरवी क्षणात कळायचं. "त्रेपन्न," ते म्हणाले. मग घाईघाईनं मान हलवली. "नाही, बावन्न. भीतीनं हात गार पडलाय माझा. गार हाताला जास्त लागतं."

बाईंनी मूठ उघडली. बावन्न.

काकांचा जीव भांड्यात पडला. बाई हसल्या नाहीत. खुर्चीत बसून त्यांनी शेरा लिहिला, सही केली आणि वही सरकवली. काकांनी वाचलं: "केंद्र चालू ठेवण्यास हरकत नाही. आठ दिवसांत तापमापक बसवावा. तोपर्यंत नोंदी यांनीच घ्याव्यात."

"यांनीच" या शब्दावर काकांनी बोट ठेवलं, आणि चारचौघांत त्यांना रडू फुटलं.